समुद्रात सोडलेले पाणी



गोदाकाठच्या पटांगणात समुद्राची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. पण घाण पाण्याचा हिशेब दोन्हीकडे एकच. सफाई कामगारांची संघटना बांधता बांधता आम्ही हे शास्त्र शिकलो; तेव्हा बोलणे कामगाराच्या भाषेतच होईल.

जागतिक बँकेच्या कर्जातून १९९५ साली हाती घेतलेल्या योजनेत मुंबईला वरळी व वांद्रे येथून समुद्रतळाखाली प्रत्येकी सुमारे ३.४ किलोमीटर लांबीचे बोगदे नेले. जाळ्यांतून गाळून, रेती बसवून मैलापाणी त्यांतून दूर सोडावयाचे, अशी ही योजना. टोकाशी एकच तोंड ठेवीत नाहीत, अनेक लहान तोंडे ठेवतात. का? मैलापाणी बहुतांशी गोडे. गोड्या पाण्याचा घनमीटर १००० किलो भरतो, समुद्राचा सुमारे १०२५. म्हणून तळाशी सुटलेले हलके पाणी चुलीच्या धुरासारखे वर चढते आणि चढताना भोवतालचे खारे पाणी ओढून घेते. धारा बारीक असल्या की ते चहूबाजूंनी मिसळते. खरे मिसळणे या पहिल्या काही मिनिटांतच होते.

पुढे भरती-ओहोटीची पाळी. तिची फेरी साडेबारा तासांची, आणि ओहोटीने नेलेले बरेचसे भरती परत आणते. ऊन व खार यांनी रोगजंतू मरतात, पण वेळ लागतो. बोगदा लांब नेला तो एवढ्यासाठीच. पावसाळ्यात मात्र ऊन नाही, आणि वारा किनाऱ्याकडे.

पण मंडळी, पातळ होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. चाळीत पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी वाढते. मीठ तेवढेच राहते. शिसे, पारा ऊन लागून मरत नाहीत. ते तळाच्या गाळात बसतात, तिथून मासळीत शिरतात. वरळीच्या कोळ्याने ती जाळ्यात घ्यायची आणि बाजारात भाव पडला तर त्यानेच सोसायचे. नाल्यात विष सोडणाऱ्याच्या वहीत हा खर्च कुठे लिहिलेला असतो?

समुद्राजवळ निदान पाणी तरी आहे. आपल्या गोदावरीत उन्हाळ्यात गंगापूर धरणातून सुटेल त्यावरच भिस्त. इथे पातळ करायलाही पाणी नाही. म्हणजे सोडण्याआधीच शुद्ध केले पाहिजे. मुंबईतही जानेवारी २०२३ मध्ये दिवसाला एकूण २४६४ दशलक्ष लिटर शुद्ध करणाऱ्या ७ केंद्रांची पायाभरणी झाली.

आमची मागणी साधी आहे. केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याच्या तपासणीचे आकडे रोज मराठीत फळ्यावर लागावेत. मुंबईत कोळीवाड्याच्या नाक्यावर, नाशकात या घाटावर. आणि केंद्र चालविणारा माणूस कंत्राटाचा नसावा, कायम नोकरीचा असावा. नोकरी जाण्याची धास्ती असलेला माणूस खरा आकडा लिहील कसा?