आकाशातील आणेवारी



पीक किती आले हे कोणी ठरवावयाचे, हा खानदेशातील जुना प्रश्न आहे. मुंबई इलाख्यात सारा तहकूब करावयाचा की नाही हे आणेवारीवर ठरे, आणि आणेवारी महसुली अंमलदाराच्या नजरेवर. 1938 साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके गेली, तेव्हा सारामाफीसाठी साने गुरुजींनी शेतकऱ्यांना संघटित केले. आज ती नजर सुमारे आठशे किलोमीटर वर गेली आहे. तिच्याकडून काय होते आणि काय होत नाही, हे शेतकरी चळवळीने नीट समजून घेतले पाहिजे.

1972 हे साल महाराष्ट्राच्या स्मरणात दुष्काळाचे आहे. त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेने पहिला लँडसॅट सोडला. आणि त्याच सुमारास सोव्हिएत रशियाने, आपले पीक बुडाल्याचा अंदाज जगाला येण्यापूर्वीच, अमेरिकेचा गहू स्वस्तात प्रचंड प्रमाणात उचलला. दुसऱ्याच्या शेतातील पीक आधी कळण्याची किंमत तेव्हा वॉशिंग्टनला उमगली व 1974 पासून गव्हाच्या उपग्रही अंदाजाचा मोठा प्रयोग सुरू झाला. या विद्येच्या वाढीला बाजाराची गरज अशी कारणीभूत झाली, हे विसरून चालणार नाही. भारताने 1988 मध्ये आयआरएस-1ए हा उपग्रह सोडला आणि 2012 मध्ये दिल्लीत महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र उभारले.

यामागील शास्त्र सोपे आहे. निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवते. या दोहोंच्या प्रमाणावरून हिरवेपणाचा निर्देशांक निघतो. म्हणजे उपग्रह पाहतो ते पान. उतारा तो पाहत नाही. हिरवेपणा, पाऊस, तापमान व मागील वर्षांचे आकडे यांवरून तो गणिताने काढला जातो. क्षेत्र मोजण्यात हे साधन तरबेज आहे, उतारा सांगण्यात ते अनुमानाच्या आधारे चालते.

हा भेद कपाशीत जिवावर बेततो. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राची कपाशी पोखरली. अळी बोंडाच्या आत, झाड मात्र वरून हिरवेगार! ऑक्टोबरच्या पावसात फुटलेली बोंडे भिजली तर तोही तोटा पानाच्या रंगात दिसत नाही. शिवाय खरिपाचे महिने ढगांचे. तेव्हा साधी छायाचित्रे निरुपयोगी ठरून रडारचा आधार घ्यावा लागतो. कपाशीच्या ओळींत तूर असेल, तर दहा मीटरच्या चौकटीत दोन्ही पिके मिसळून जातात.

केळीचा अनुभवही बोलका आहे. विमा उतरवलेल्या क्षेत्रात खरोखर केळी आहे काय, याची पडताळणी जळगाव जिल्ह्यात उपग्रह चित्रांवरून झाली आणि त्यावरून मोठे वाद माजले. खोटे विमे उतरवले जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते पकडले गेलेच पाहिजेत. परंतु रावेर-यावलच्या कांदेबागेत नुकतीच लावलेली रोपे पहिले काही महिने जमीन झाकत नाहीत. चित्र कोणत्या तारखेचे, हे शेतकऱ्यास सांगितल्यावाचून ‘केळी आढळली नाही’ असा शेरा मारणे ही जुन्या अंमलदाराचीच रीत झाली.

दुष्काळाच्या बाबतीतही तेच. 2016 च्या केंद्रीय संहितेने वनस्पती निर्देशांकाला दुष्काळाच्या निकषांत स्थान दिले. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्यात 40 तालुके दुष्काळी ठरले. त्यांत चाळीसगाव व शिंदखेडा होते. बाकीच्यांनी ओरड केली आणि आणखी शेकडो महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करावी लागली. ओरड करता आली म्हणून दाद लागली.

विम्यात तशी दाद कोठे? पांसे व सुखात्मे यांनी चाळीसच्या दशकात रुजवलेले पीक कापणी प्रयोग निदान गावासमोर होतात. मंडळाला किमान दहा प्रयोग, प्रत्यक्ष वजन, पंचनाम्यावर सह्या. 2023 पासून पीक विमा योजनेत भात व गव्हाच्या उताऱ्यात तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान 30 टक्के भार आला. महाराष्ट्रात कपाशीही या पद्धतीत आली. त्यातच 2025 च्या खरिपात राज्याने स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसानीची भरपाई वगळून सारी भिस्त मंडळाच्या सरासरी उताऱ्यावर ठेवली. उंबरठा उत्पादनापेक्षा आकडा किंचित वर गेला की संपूर्ण मंडळ कोरडे! आणि त्या आकड्याचा काही भाग असा, की ज्याचे गणित शेतकऱ्याने कधी पाहिलेले नाही.

उपग्रहाला विरोध करणे हा मूर्खपणा ठरेल. त्याचा उपयोग कापणी प्रयोगांच्या जागा नीट निवडण्यासाठी करावा, प्रयोगांची संख्या घटवण्यासाठी करू नये. मंडळाचा नकाशा, चित्रांच्या तारखा व अनुमानाची रीत भरपाई ठरण्यापूर्वी ग्रामसभेपुढे ठेवावी. ठरावीक मुदतीत हरकत घेता यावी आणि हरकत आल्यास त्या शेतात जाऊन पीक पाहण्याचे बंधन असावे. पिकाचा अंदाजही व्यापाऱ्याला आणि उत्पादकाला एकाच दिवशी मराठीतून कळावा, कारण ‘पीक भरघोस’ एवढ्या वार्तेनेसुद्धा कापसाचा भाव वेचणीआधी पडतो. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची दहा मीटरची चित्रे जगात कोणालाही विनामूल्य मिळतात. तेव्हा नकाशा चावडीवर लावण्याच्या बाबतीत खर्चाची सबब पुढे करता येणार नाही.