साथीचा काळ आणि शाळेचे स्नेहसंमेलन : पालकांना प्रवेश असावा काय ?



शाळेचे स्नेहसंमेलन हा महाराष्ट्रातील शैक्षणिक वर्षाचा एक ठरलेला टप्पा आहे. दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून लेझीमचा ठेका ऐकू येऊ लागतो, नाट्यछटांचे पाठांतर सुरू होते, आणि कोळीनृत्यासाठी कोणाच्या घरून कोणते लुगडे आणावयाचे याची चर्चा वर्गावर्गातून रंगते. नाताळपासून प्रजासत्ताक दिनापर्यंतच्या काळात बहुतेक शाळांतून हा सोहळा पार पडतो. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात सतरंजीवर बसलेली आई आणि रंगमंचावरून गर्दीत तिलाच शोधणारे मूल, हे दृश्य शहरात काय किंवा खेड्यात काय, सारखेच असते.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीने हे दृश्य एकाएकी थांबविले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले. राज्यात १८९७ चा साथरोग अधिनियम लागू करण्यात आला आणि शाळा बंद झाल्या. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्या आणीबाणीची समाप्ती घोषित केली. संकट ओसरले, परंतु त्या काळात शाळांपुढे उभा राहिलेला एक प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला. साथ चालू असताना शाळेचा कार्यक्रम करावयाचा झाल्यास तो पाहण्यास पालकांना प्रवेश द्यावा की नाही ? पुढची साथ येण्यापूर्वी, शांतपणे विचार करण्याची सवड असतानाच, या प्रश्नाचा निर्णय होणे इष्ट आहे.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

प्रवेश देऊ नये असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. एका वर्गातील मुले रोज एकत्र बसतात; त्यांचा परस्परसंपर्क घडलेलाच असतो. कार्यक्रमासाठी ती पुन्हा एकत्र आली तर धोक्यात मोठी भर पडत नाही. परंतु चारशे मुलांचे पालक एका सभागृहात आले, म्हणजे चारशे घरे तेथे एकत्र आली. त्यांतील कोणी कारखान्यात, कोणी बाजारात, कोणी रुग्णालयात काम करणारे असतात. तेथून ते ज्या घरी परततात त्या घरी बहुधा आजी-आजोबाही असतात. कोविडने वृद्धांवरच सर्वाधिक घाला घातला, हे लक्षात घेता सभागृहातील तीन तासांचा आनंद घरातील वडीलधाऱ्यांना महाग पडू शकतो. शिवाय शाळेतून रोग पसरला असे एकदा झाले, की शाळाच बंद करण्याची वेळ येते आणि ती किंमत सर्व मुलांना मोजावी लागते.

प्रवेश द्यावा असे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच विचारात घेण्याजोगे आहे. २२ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे निम्म्या आसनक्षमतेने उघडण्यात आली. तिकीट काढून परक्यांचे नाटक पाहण्याची मुभा आई-वडिलांना मिळाली. त्याच सुमारास अनेक शाळांच्या फाटकावर मात्र त्यांना थांबावे लागत होते. नियम सर्वांना सारखा हवा, हा त्यांचा आग्रह गैर म्हणता येणार नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. ज्या घरातील पहिलीच पिढी शाळेत जात आहे, त्या घरातील आई-वडील एरवी शाळेची पायरी सहसा चढत नाहीत. शिक्षकांशी काय बोलावे, कोणत्या शब्दांत बोलावे, याचा संकोच त्यांना अडवितो. स्नेहसंमेलन हाच त्यांच्या दृष्टीने शाळेत निःसंकोचपणे येण्याचा दिवस होय. आपली मुलगी चारचौघांत न अडखळता बोलते हे त्या दिवशी बापाला प्रथमच दिसते, आणि तिला सातवीनंतर पुढे शिकवावे की नाही, या त्याच्या मनातील प्रश्नाचे उत्तर कधीकधी त्याच संध्याकाळी ठरून जाते. ते दार बंद केल्याने होणारी हानी आकड्यांत दिसत नाही. पण ती हानी नाही, असे मानण्याचे कारण नाही.

हवा, आवाज आणि जागा

या वादाचा निकाल भावनेच्या बळावर लावता येणार नाही. रोग कसा पसरतो, हे पाहूनच तो लावावा लागेल. या बाबतीत अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट परगण्यात घडलेली घटना उद्बोधक आहे. १० मार्च २०२० रोजी तेथील एका गायकवृंदाची सुमारे अडीच तासांची तालीम झाली. उपस्थित ६१ जणांपैकी एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. पुढील काही दिवसांत त्या एकासह ५३ जण आजारी असल्याचे आढळले. त्यांपैकी ३३ जणांचे निदान तपासणीने निश्चित झाले आणि दोघे दगावले. बंद जागा, दीर्घ वेळ, जवळजवळ बसलेली माणसे आणि मोठ्याने गाणे, एवढी चारच कारणे त्या अनर्थास पुरली.

श्वासावाटे बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. बोलताना ते अधिक निघतात आणि मोठ्याने गाताना त्याहूनही अधिक. मोकळ्या हवेत हेच कण वाऱ्यावर विरून जातात, म्हणून तेथील धोका पुष्कळ कमी होतो. गर्दी खेटून उभी राहिली तर मात्र तो अगदीच नाहीसा होत नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे एक विचित्र विरोधाभास समोर येतो. शहरातील एखाद्या सुसज्ज शाळेचे वातानुकूलित सभागृह साथीच्या काळात सर्वांत गैरसोयीचे ठरते, आणि ज्या जिल्हा परिषद शाळेला सभागृहच नाही, जी पटांगणात ट्रॉलीवर फळ्या टाकून रंगमंच उभारते, तिची जागा सर्वांत सुरक्षित ठरते. एरवी जी उणीव समजली जाते तीच येथे उपयोगी पडते. तेव्हा ‘पालकांना प्रवेश द्यावा काय ?’ या प्रश्नाआधी ‘कोठे, किती वेळ आणि किती जणांना ?’ हा प्रश्न विचारावयास हवा.

प्रत्येक साथ वेगळी

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. कोविडच्या अनुभवावरून ठरविलेला नियम पुढच्या प्रत्येक साथीला जसाच्या तसा लावणे चुकीचे होईल. जून १९१८ मध्ये मुंबईत शिरलेल्या इन्फ्लुएंझाची दुसरी लाट त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेरीस आली व ती पहिलीपेक्षा कितीतरी प्राणघातक ठरली. त्या साथीत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने बळी पडली. शाळकरी मुलांच्या आई-वडिलांचे वय नेमके हेच. कोविडमध्ये जपावयाचे होते ते आजोबांना. १९१८ मध्ये जपावयास हवे होते ते प्रेक्षकांत बसणाऱ्या पालकांनाच. गोवराच्या साथीत, जी २०२२ च्या अखेरीस मुंबईत पुन्हा दिसून आली, सर्वाधिक धोका लस न घेतलेल्या लहान भावंडांना असतो. पटकी तर दूषित पाण्यातून पसरते. तेथे प्रेक्षकांच्या संख्येपेक्षा कार्यक्रमानंतरच्या अल्पोपाहाराची आणि पिण्याच्या पाण्याच्या पिंपाची चिंता अधिक करावयास हवी.

म्हणून साथ कोणतीही असो, शाळेने तीन प्रश्न प्रथम विचारावेत. रोग कोणत्या मार्गाने पसरतो ? तो कोणत्या वयाच्या माणसांना अधिक घातक आहे ? आणि त्यावर लस उपलब्ध असून ती संबंधितांना मिळाली आहे काय ? कोविडची लस प्रौढांना २०२१ मध्ये मिळू लागली. परंतु १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी आणि १२ ते १४ वयोगटाचे १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. २०२१ च्या डिसेंबरातील प्रेक्षक लस घेतलेले असू शकत होते, पण रंगमंचावरील चिमुकले तसे नव्हते. ही तफावत विसरून चालणार नव्हते.

वर्ग आधी, सोहळा नंतर

१ डिसेंबर २०२१ पासून राज्यात पहिलीपासूनचे वर्ग पुन्हा भरू लागले. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत त्यास आणखी थोडे दिवस लागले. जवळजवळ पावणेदोन वर्षांनी मुले बाकांवर बसली आणि डिसेंबर संपतासंपता साथीने पुन्हा उचल खाल्ली. सामाजिक व सांस्कृतिक कार्यक्रमांच्या उपस्थितीवर ५० जणांची मर्यादा आली. चाळीस मुलांचा वर्ग, चार-पाच शिक्षक आणि ध्वनिक्षेपक सांभाळणारा माणूस धरला तर ही मर्यादा पालकांवाचूनच संपत आली. जानेवारीत शाळा पुन्हा बंद कराव्या लागल्या आणि २४ जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याटप्प्याने उघडल्या.

या घटनाक्रमातून एक तत्त्व निःसंदिग्धपणे निघते. नित्याचे अध्यापन हे शाळेचे पहिले कर्तव्य आहे. ज्या कार्यक्रमामुळे वर्ग बंद पडण्याचा संभव आहे, तो कार्यक्रम कितीही प्रिय असला तरी पुढे ढकलला पाहिजे. परंतु वर्ग सुरक्षितपणे भरत असतील तर पालकांना सरसकट मज्जाव करण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

मध्यम मार्ग अवघड नाही. कार्यक्रम उघड्या पटांगणात, दिवसाउजेडी आणि तासाभराचा असावा. संपूर्ण शाळेचा एकच मोठा सोहळा न करता एका दिवशी एकाच इयत्तेचा कार्यक्रम ठेवावा आणि त्या इयत्तेच्या मुलांमागे एका पालकाला बोलवावे. आई यावी की वडील, हे घराने ठरवावे. बसण्याच्या जागा अंतर सोडून आखाव्यात. समूहगीतापेक्षा लेझीम, मूकनाट्य, कवायत यांना त्या वर्षी अधिक वाव द्यावा. ताप वा खोकला असलेल्या मुलाने घरी थांबावे, आणि त्यामुळे त्याचे उपस्थितीचे बक्षीस किंवा पुढच्या कार्यक्रमातील भूमिका जाणार नाही, अशी हमी शिक्षकांनी आधीच द्यावी. अन्यथा आजार लपविण्याचा मोह मुलांना आणि पालकांनाही होतो.

आणि जागा कमी करावयाच्याच असतील, तर आरंभ पहिल्या रांगेतील खुर्च्यांपासून करावा. प्रमुख पाहुणे, त्यांचे सत्कार, हारतुरे आणि लांबलेली भाषणे यांविना स्नेहसंमेलन होऊ शकते. मुलांच्या आई-वडिलांविना त्याचा अर्थ अर्धाच राहतो.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी

काही पालक मात्र साथ नसतानाही येऊ शकत नाहीत, याचे स्मरण या निमित्ताने व्हावे. मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची जी मुले गावी हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, त्यांच्या स्नेहसंमेलनात आई-वडिलांची जागा दरवर्षीच रिकामी असते. आश्रमशाळांतील कित्येक मुलांचीही हीच स्थिती आहे. साथीच्या काळात इतर मुलांना जे एखाद-दुसरे वर्ष सोसावे लागले, ते यांच्या नित्याच्या अनुभवातले आहे.

चित्रीकरण करून भ्रमणध्वनीवर पाठविणे हा एक उपाय आहे आणि तो अवश्य करावा. परंतु घरात एकच भ्रमणध्वनी असेल, तोही कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असेल, तर त्याची मर्यादा उघड आहे. दुसरा उपाय साथीच्या काळातच दिसून आला. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविण्यात आले. सोलापुरातील नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगविले गेले. मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळा वस्तीत गेली. तोच मार्ग स्नेहसंमेलनालाही मोकळा आहे. वीस मुलांचे लेझीमपथक वस्तीच्या चौकात अर्धा तास खेळले, तर आई आपल्या उंबरठ्यावरून ते पाहू शकते. तिला गर्दीत बसावे लागत नाही आणि दिवसाची मजुरीही बुडत नाही.

मराठी बालरंगभूमीसाठी ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला, ते रत्नाकर मतकरी मे २०२० मध्ये कोविडनेच निवर्तले. मुलांच्या नाटकाला जाणत्या प्रेक्षकाची गरज असते, हे अशा माणसांच्या कार्याने महाराष्ट्राला शिकविले. साथीचे भय खरे आहे आणि त्यापुढे बेफिकिरी चालणार नाही. तथापि भय खरे आहे म्हणून फाटक बंद करणे हेच एकमेव शहाणपण ठरत नाही. प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीने आणि शिक्षक-पालक संघाने आपले पटांगण, आपली पटसंख्या आणि आपल्या गावची आरोग्यव्यवस्था डोळ्यांपुढे ठेवून असा आराखडा आजच तयार करून ठेवावा. पुढचे संकट केव्हा येईल ते सांगता येत नाही. पण ते येईल तेव्हा रंगमंचावरून समोर पाहणाऱ्या मुलाला निदान एक ओळखीचा चेहरा दिसावा, इतकी तयारी शाळांना नक्कीच करता येईल.