टेहळणी विमानाची प्रतिकृती व प्रमाणाचे शिक्षण
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



हस्तकलेचा तास म्हणजे विसाव्याचा तास, असा एक समज शाळाशाळांतून अजूनही आढळतो. गणितातील चूक लाल शाईने दाखविली जाते. हस्तकलेतील चूक मात्र रंगाखाली झाकली जाते. वास्तविक हाताने घडविलेली वस्तू ही अचूकपणाची फार कडक परीक्षा असते. १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, तेही कामाच्या द्वारा मुलाची बुद्धी जागी व्हावी म्हणूनच. या दृष्टीने सहावी-सातवीच्या वर्गाला घेता येण्याजोग्या एका कामाचा, म्हणजे टेहळणी विमानाच्या लाकडी प्रतिकृतीचा, येथे विचार करावयाचा आहे.

लष्करी विमान शाळेत कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर त्या विमानाच्या कार्यातच आहे. टेहळणी विमान बाँब टाकण्यासाठी जात नाही. उंचावरून छायाचित्रे घ्यावयाची व ती सुखरूप परत आणावयाची, एवढेच त्याचे काम. जे दिसले तेच दाखवावे, त्यात भर घालू नये व काही लपवू नये, हा त्याचा धर्म. मुलांना शिकविण्यासारखे याहून दुसरे काय असू शकते?

उदाहरणासाठी ‘कॅनबेरा’ हे विमान घ्यावे. ब्रिटनमधील इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या या जेट विमानाने १३ मे १९४९ रोजी पहिले उड्डाण केले. १९५७ साली भारताने या जातीची विमाने घेण्याचे ठरविले. त्यांपैकी छायाचित्रण करणारा प्रकार ‘पी. आर. ५७’ या नावाने ओळखला जाई. भारतीय वायुदलाच्या १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे ही विमाने होती. याच कामगिरीवर असलेले जगमोहन नाथ यांना १९६२ व १९६५ या दोन्ही काळांतील पराक्रमाबद्दल महावीर चक्र, असे दोन वेळा मिळाले. मे १९९९ मध्ये कारगिलच्या परिसरात टेहळणी करीत असलेल्या एका कॅनबेराच्या इंजिनावर क्षेपणास्त्र आदळले. वैमानिकाने उरलेल्या एका इंजिनाच्या बळावर विमान परत आणून उतरविले. पुढे मे २००७ मध्ये आग्रा येथे या विमानांना सेवेतून निरोप देण्यात आला. एवढी माहिती प्रथम वर्गात सांगावी. आपण काय घडवीत आहोत हे मुलांना कळले म्हणजे हाताला आपोआप जपणूक येते.

आता प्रमाणाकडे वळू. अशा प्रतिकृतींसाठी १ : ७२ हे प्रमाण फार रूढ आहे. विमानाची लांबी सुमारे २०.३ मीटर व पंखांचा विस्तार सुमारे १९.५ मीटर आहे. त्यांना ७२ ने भागले असता प्रतिकृतीची लांबी २८.२ सेंटीमीटर व विस्तार २७.१ सेंटीमीटर येतो. हा भागाकार फळ्यावर शिक्षकाने करून दाखवू नये. तो प्रत्येक मुलाने आपल्या वहीत करावा. १.७ मीटर उंचीचा माणूस या प्रमाणात सुमारे २.४ सेंटीमीटरचा होतो. त्या मापाचा पुठ्ठ्याचा माणूस कापून प्रतिकृतीशेजारी उभा केला की विमानाचा खरा आकार मुलांच्या डोळ्यांपुढे येतो.

याच प्रमाणाने उंचीही समजावून देता येते. विमान १४,४०० मीटर उंचीवर आहे असे धरले, तर ते अंतर १ : ७२ प्रमाणात बरोबर २०० मीटर होते. एका मुलाने प्रतिकृती हातात धरून शाळेच्या दाराशी उभे राहावे व दुसऱ्याने २०० मीटर मोजीत जावे. जेथे तो थांबेल ती जमीन, असे समजावयाचे. इतक्या दुरून रस्ता, पूल व छावणी ओळखावयाची असते, हे पुस्तकातील वाक्यापेक्षा या चालण्याने अधिक लवकर उमजते.

छायाचित्र हीदेखील एक प्रतिकृतीच होय. भिंगाचे नाभीय अंतर ९० सेंटीमीटर असेल व विमान १०,८०० मीटर उंचीवर असेल, तर सरळ खाली रोखलेल्या छायाचित्राचे प्रमाण १ : १२,००० येते, म्हणजे छायाचित्रातील १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरील १२० मीटर. उंचीची नोंद चुकली तर पुलाची लांबीही चुकते. नकाशा, छायाचित्र व लाकडी विमान या तिहींचे गणित असे एकच आहे.

या बाबतीत इतिहासातील एक दाखला लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने तेथील शाळांकडे १ : ७२ प्रमाणाच्या पाच लक्ष विमान-प्रतिकृती मागितल्या. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना आकारावरून ओळखावयास शिकविण्यासाठी त्यांचा उपयोग होता. ३५ फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. विद्यार्थ्यांनी लाकूड कोरून ही कामे केली. आकार चुकला असता तर पाहणाऱ्याची ओळख चुकली असती. म्हणून तेथे ‘मुलांचे काम आहे, चालेल’ असे म्हणण्याला जागा नव्हती.

साहित्य साधे असावे. प्लॅस्टिकचे तयार संच बाजारात मिळतात, परंतु ते महाग असतात आणि त्यांत मोजण्याचे काम दुसऱ्याने आधीच केलेले असते. पांगाऱ्यासारखे हलके, मऊ लाकूड, थोडा पुठ्ठा, सरस, कानस व काचकागद एवढे पुरेसे आहे. करवत व सुरी मात्र शिक्षकाच्या देखरेखीखालीच वापरावी.

प्रथम विमानाचे वरून, बाजूने व समोरून असे तीन आराखडे काढावेत. धड गोल छेदाचे असल्यामुळे पुठ्ठ्यात अर्धवर्तुळाकार साचे कापून ते ठिकठिकाणी लावून पाहावेत. प्रकाश दिसला तर तेथे लाकूड कमी आहे, साचा बसला नाही तर अधिक आहे. पंखाची पुढील कड गोलसर व मागील कड पातळ असावी. दोन्ही इंजिने पंखांत, धडापासून समान अंतरावर यावीत. मागील आडवी शेपटी सपाट नसून दोन्ही बाजूंनी वर उचललेली असते. एक इंजिन बंद पडले असता विमान एका बाजूला वळू लागते व उभ्या शेपटीवरील सुकाणूने ते सावरावे लागते. कारगिलची हकीगत येथे पुन्हा सांगितली म्हणजे शेपटीचे प्रयोजन सहज कळेल. या विमानाची पारदर्शक घुमटी धडाच्या मध्यरेषेवर असते. भारताच्याच बाँबफेकी कॅनबेराची घुमटी डावीकडे सरकलेली असे. चित्र पाहताना ही गल्लत हटकून होते.

रंगकाम घाईने करू नये. खाचा लांबीने भरून, वाळल्यावर घासून, करड्या रंगाचे अस्तर द्यावे. अस्तर दिल्यावर जे ओरखडे दिसतील ते पुन्हा काढावेत. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन, द्यावेत. जाड रंगाने कडा बुजतात. पत्र्यांच्या जोडरेषा अर्धा मिलिमीटर जाड काढल्या, तर खऱ्या विमानावर त्या ३.६ सेंटीमीटरच्या भेगा ठरतील! त्या टोकदार पेन्सिलीने हलकेच काढाव्यात.

टेहळणी विमानाचा रंग हौसेसाठी नसतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची उंचावरून टेहळणी करणारी स्पिटफायर विमाने आकाशात मिसळून जावीत म्हणून निळी रंगविली जात. ढगांखालून जाणाऱ्या काहींना फिकट गुलाबी रंग दिलेला असे. म्हणून वर्गाने कॅनबेराचे एकच विश्वसनीय छायाचित्र निवडावे व त्या वर्षाचे रंग तेवढेच द्यावेत. वायुदलाच्या वर्तुळचिन्हात हिरवा रंग मध्यभागी, त्याभोवती पांढरा व सर्वांत बाहेर केशरी असतो. ध्वजाच्या सवयीने मुले केशरी रंग मध्ये भरतात. रंगविण्यापूर्वी पाहण्याची सवय येथे लागते.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वाकडा पंख शिक्षक स्वतः सरळ करतो, डाग झाकतो, आणि शाळेला बक्षीस मिळते. ज्या मुलाने तो पंख केला, तो त्या दिवशी दोन धडे शिकतो : आपले काम कामाचे नव्हते, आणि दिसण्यापुढे असण्याला किंमत नाही. हे नुकसान कोणत्याही ढालीने भरून येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाचे काम दुसऱ्या गटाने पट्टीने मोजावे. प्रतिकृतीवरील १ मिलिमीटरची चूक म्हणजे विमानावरील ७.२ सेंटीमीटर, हे ध्यानी ठेवून प्रत्येक फरक वहीत लिहावा. दुरुस्ती करावयाची ती मुलानेच, वेळ घेऊन. जी राहील ती राहू द्यावी. प्रदर्शनात प्रतिकृतीजवळ एक पाटी ठेवावी : विमानाचे नाव, प्रमाण, छायाचित्राचे वर्ष, करणाऱ्यांची नावे, आणि खाली ‘डावा पंख २ मिलिमीटर आखूड’. गुण देताना चकाकीपेक्षा त्या शेवटच्या ओळीला अधिक गुण द्यावेत. परत आलेल्या टेहळणी विमानाकडून अपेक्षा असते ती अशाच खऱ्या अहवालाची, आणि खरा अहवाल देणारे नागरिक घडविण्याची सुरुवात आपल्या वर्गातील त्या लहानशा पाटीपासून होऊ शकते.