दोन संगणकांचा अबोला



मुलांना गणित शिकविण्यांत माझीं तीस-पस्तीस वर्षें गेलीं. उत्तर चुकलें तर सगळी पाटी पुसूं नये, कोणत्या पायरीवर चुकलें तें शोधावें, असें मीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल याची गणती नाहीं. तेंच मी स्वतः विसरलों आणि घरचीं कागदपत्रें उघड्यावर टाकून बसलों. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

आमच्या घरीं दोन संगणक आहेत. एक माझा, मांडीवर ठेवण्याजोगा. दुसरा वरच्या मजल्यावर सूनबाईचा. घराचें खरेदीखत, विम्याचे कागद, माझ्या कैलासवासी वडील बंधूंचीं पत्रें, या सर्वांच्या प्रती माझ्या संगणकांत एका फोल्डरमध्यें ठेविल्या आहेत. तें फोल्डर सूनबाईला वरूनच वाचतां यावें अशी सोय होती आणि ती दोन वर्षें बिनतक्रार चालली. मग राउटर बिघडला म्हणून नवा बसविला. त्या दिवसापासून दोन्ही यंत्रें इंटरनेटवर जात, पण एकमेकांस ओळख देईनात. एका पंगतीला बसून अबोला धरणाऱ्या भावांसारखी त्यांची गत झाली.

"बाबा, तो विम्याचा कागद आज मिळेल का?" असें सूनबाई दोनदां विचारून गेली. मी चिडलों. फायरवॉल आडवी येते एवढें ऐकून ठाऊक होतें, म्हणून ती साफ बंद केली; वर पासवर्डची अटहि काढून टाकली. फोल्डर तत्काळ उघडलें! त्या आनंदांत भिंत पुन्हां उभी करावयाची राहून गेली.

आठ दिवसांनीं एका लग्नासाठीं नाशिकास गेलों. लॉजवर सर्वांस खुलें असें वायफाय होतें. त्यास संगणक जोडून मी संध्याकाळभर वाचीत बसलों. घरीं आल्यावर नातवानें सहज पाहिलें व म्हणाला, "आजोबा, ही भिंत तुम्हीच पाडलीत ना?" त्या संध्याकाळीं शेजारच्या खोलींतून कोणी माझ्या फोल्डरांत डोकावलें कीं नाहीं, हें मला आजहि सांगतां येत नाहीं.

फायरवॉल म्हणजे मूळ अर्थीं एका घरची आग शेजारीं जाऊं नये म्हणून मध्यें घातलेली भिंत. संगणकांतील भिंत बाहेरून येणाऱ्या प्रत्येक हांकेची चौकशी करते. संगणकास क्रमांक दिलेलीं हजारों दारें असतात; विंडोजमध्यें फायली वाटून घेण्याचा व्यवहार ४४५ क्रमांकाच्या दारानें चालतो. याच वाटेनें मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाचा उपद्रवी प्रोग्रॅम देशोदेशीं पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचें काम त्यानें विस्कळित केलें. ज्या भेगेंतून तो शिरला ती बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येंच निघाली होती. पुष्कळांनीं ती बसविलीच नव्हती.

आतां माझें गणित कोठें चुकलें तें पाहूं. राउटर बदलला म्हणजे संगणकाच्या दृष्टीनें जाळेंच नवें झालें. अशा वेळीं तें खाजगी कीं सार्वजनिक हें ठरावें लागतें. माझ्या यंत्रानें विचारलें होतें कीं, या जाळ्यावरील इतरांस तुम्ही दिसावें काय? मीं सावधपणानें 'नाहीं' दाबलें. झालें! स्वतःचें घर सार्वजनिक ठरलें आणि भिंतीनें वाटणीचें दार लावून घेतलें. तिनें आपलें काम चोख केलें होतें.

तेव्हां पहिली पायरी पत्त्याची. राउटर प्रत्येक यंत्रास पत्ता देतो. घरीं तो बहुधा १९२.१६८ अशा आंकड्यांनीं सुरू होतो, आणि दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आंकडे साधारणतः सारखे असतात. निराळे निघाले तर एक यंत्र पाहुण्यांसाठीं राखलेल्या वायफायवर गेलें आहे काय तें पाहावें. मग पिंग नांवाच्या आज्ञेनें हांक मारावी, आधीं राउटरला, नंतर दुसऱ्या यंत्राला. उत्तर आलें तर वाट मोकळी आहे हें सिद्ध होतें. न आलें तर मात्र कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण अशा हांकेला उत्तर देण्याचीहि भिंतीची मनाई असूं शकते. (फायली ज्या यंत्रांत आहेत तें झोंपलेलें नाहीं ना, हेंहि पाहावें. आमच्याकडे हें दोनदां झालें आहे.)

त्यानंतर जाळें 'खाजगी' करावें, आणि फायली वाटण्याची परवानगी फायरवॉलमध्यें फक्त खाजगी या रकान्यांत द्यावी. विषाणूंपासून रक्षणासाठीं निराळा प्रोग्रॅम घेतला असेल तर त्याची स्वतःची भिंत असूं शकते, तेथेंहि पाहावें.

एवढें करूनहि सूनबाईला नांव व पासवर्ड विचारला गेला आणि तो नाकारला गेला. येथें आमचा एक तास गेला. मी रोज चार आंकडी पिन देऊन संगणक उघडतों. तो पिन त्या एका यंत्रापुरताच असतो, जाळ्यावरून चालत नाहीं. तेथें खात्याचा खरा पासवर्डच लागतो. शेवटीं तिच्यासाठीं माझ्या यंत्रावर निराळें खातें काढलें व केवळ वाचण्याचा अधिकार दिला. हा अधिकार दोन ठिकाणीं नोंदलेला असतो, वाटणींत एक आणि फोल्डरवर एक. दोहोंपैकीं जो कडक, तोच चालतो.

विम्याचा कागद वर उघडला तेव्हां फायरवॉल चालूच होती. गेल्या महिन्यांत पुन्हां प्रवासाचा योग आला. लॉजवरच्या नव्या जाळ्यास मीं 'सार्वजनिक' म्हटलें. घरीं परतल्यावर यंत्रास निराळें कांहीं सांगावें लागलें नाहीं. घरचें जाळें त्याच्या लक्षांत होतें.