गाडी दिसायच्या आधी ऐका

कोंढ्यात आपण घरात बसल्या-बसल्या सांगतो ना, हा बांधीतला ट्रॅक्टर, ही बुलेट, ही पवनीची एसटी? गेममध्ये तोच कान लागतो.

कॉम्प्युटरवरच्या वॉर थंडरमध्ये आवाज बदलायची सोयच आहे. कॉन्फिग फाइलीत साउंड मॉड चालू करायचा, नवे आवाज साउंडमधल्या मॉड फोल्डरात टाकायचे, झालं. तो आवाज फक्त तुमच्याच कानात वाजतो. टी-३४ डिझेलवर चालायचा, टायगर पेट्रोलवर. हा फरक ठसठशीत ऐकवणारे मॉड हौशी पोरं बनवतात.

मग मोबाइलवर काहून नाही? कारण बीजीएमआयमध्ये गेमची फाइल बदलली की ती चीटिंग, आयडी बॅन. माझ्या एका मित्रानं अशाच एका गेमसाठी कुठून तरी ‘एनिमी साउंड’वाली फाइल उचलली. तीन वर्षांची आयडी गेली! दोन दिवस जेवला नाही गडी. मला वाईट वाटलं, पण चूक त्याचीच होती.

त्यापेक्षा ट्रेनिंगमध्ये जा. मित्राला डेसिया, बगी, बाइक फिरवायला सांगा, तुम्ही पाठ करून उभे राहा आणि ओळखा. डावीकडून की उजवीकडून, तेही सांगा. इअरफोन वायरचाच घ्या भाऊ, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. तेवढ्यात गाडी अंगावर येते.

आणि इंजिन अचानक बंद झालं तर खुश होऊ नका. तो उतरलाय. आता पावलं ऐका.