कॉम्प्युटर साफ करायला गेलो आणि हिशोब गमावून बसलो

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



दुपारची भांडी आवरून कुणी धान्य निवडत बसली असेल, कुणी बांधावर मोबाइल लावून ऐकत असेल. आज आम्ही ग्रामसंघाच्या बायका तुम्हाला आमचीच फजिती सांगायला आलोय. हसलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत ऐका. तुमच्याही गटाचे हिशोब आता वहीतून कॉम्प्युटरवर गेले असतील. आमच्यावर आलं ते तुमच्यावर येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

आमच्या ग्रामसंघात १४ गट. सगळ्यांची बचत, कर्ज, हप्ते, व्याज असं सगळं एकाच कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर सेकंडहँड घेतलेला. दोन वर्षं बरा चालला, मग रेंगाळायला लागला. सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळून व्हायचा, तरी पडद्यावर गोल फिरतंच असायचं. आणि खरिपाच्या तोंडावर बँकेत कर्जाचे प्रस्ताव द्यायचे होते. बियाणं, खतं, कुणाला शेळ्या. बँकेच्या साहेबांनी तारीख दिलेली, हातात आठ दिवस.

आमची हिशोब लिहिणारी पोर शहाणी आहे, पण वयानं लहान. आम्ही सगळ्या तिच्या मागे लागलो, "कर गं काहीतरी, लवकर कर." तेवढ्यात पडद्यावर लाल चौकट आली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो चुका सापडल्या, फुकटात साफ करा, असं काहीतरी. आम्हीच म्हटलं, फुकट आहे ना, दाब बटण.

ते सफाईचं सॉफ्टवेअर आत आलं ते एकटं आलं नाही. बरोबर एक नवीन अँटिव्हायरस घेऊन आलं. दुकानदारानं घालून दिलेला एक आधीच होता. मग सफाईवाला म्हणाला, विंडोजची रजिस्ट्री दुरुस्त करतो. केली. त्यानंतर प्रिंटर बंद. कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा सावकाश.

दुसऱ्या दिवशी एकीच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा, तिथे टेम्पररी फाइल्स आहेत, सगळा कचरा काढून टाका. पोरीनं उघडलं. चौकोनांची यादी आली. तिनं सगळ्या चौकोनांत खूण केली आणि काढून टाकलं. त्या यादीत एक चौकोन 'डाउनलोड्स'चा असतो. विंडोज तिथे आपणहून खूण करत नाही, आपण केली तरच तो रिकामा होतो. आमचे बँकेचे उतारे, स्कॅन केलेली कागदपत्रं आणि १४ गटांची खतावणी, सगळं त्याच डाउनलोड्समध्ये ठेवलेलं होतं. या वाटेनं पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही.

पोर रडायला लागली. आम्ही तिला धीर द्यायचा, तर उलट बोललो. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

तालुक्याला मुलींना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका ताईंकडे आम्ही गेलो. त्या म्हणाल्या, "आधी हात लावणं थांबवा. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त रिकामी समजली जाते. तुम्ही नवीन काही भरलंत की ती त्याखाली गाडली जाते." आणि दुसरं म्हणाल्या, "त्या मुलीला बोलवा. काय काय केलं ते क्रमानं तिलाच माहीत आहे." आम्ही तिच्या घरी गेलो. तिच्या आईसमोर चूक कबूल केली. बटण तिच्या बोटानं दाबलं, पण घाई आमची होती.

तिनं एका कागदावर सगळं लिहून काढलं, कुठल्या दिवशी काय घातलं, काय पुसलं. अर्धं काम त्या कागदानं केलं. लिहिता लिहिताच तिला आठवलं, दोन महिन्यांपूर्वी खतावणी तिनं बँकेला ईमेलनं पाठवली होती. पाठवलेल्या मेलमध्ये ती जशीच्या तशी सापडली! राहिले दोन महिने. ते आम्ही वह्या आणि पासबुकं घेऊन तीन रात्री बसून भरले. आमच्या एका आजींना अक्षरओळख नाही, पण कुणी कधी किती हप्ता दिला ते त्यांच्या तोंडपाठ. दोन ठिकाणी वहीतली चूक त्यांनीच पकडली.

आता कॉम्प्युटर कसा सुधारला ते सांगतो. लिहून घ्या.

ताईंनी आधी आम्हाला समजावलं. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क म्हणजे घरातली कोठी, सगळं साठवायची जागा. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, आत्ता जे काम चाललंय ते मांडायची जागा. ओटा लहान असला की दर वेळी कोठीत पळावं लागतं आणि स्वयंपाक रखडतो. आमची कोठी ५०० जीबीची, ती अर्धी रिकामीच होती. ओटा मात्र ४ जीबीचा, आणि त्यावर नको ती भांडी मांडलेली. म्हणजे अडचण ओट्यावर आणि आम्ही झाडत बसलो कोठी! कोठी भरली आहे का ते बघणं सोपं आहे. 'धिस पीसी' उघडा. सी ड्राइव्हची पट्टी निळी असेल तर जागा आहे, लाल झाली असेल तर जागा संपत आलीय. लाल नसेल तर फाइली पुसून वेग वाढत नाही.

मग त्यांनी कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू केला. शिफ्टचं बटण दाबून धरायचं आणि रीस्टार्टवर क्लिक करायचं. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबायचं. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त गरजेपुरतं घेऊन सुरू होतं. तिथे आमचा कॉम्प्युटर बराच हलका चालला. म्हणजे यंत्र मेलेलं नव्हतं, वरून घातलेलं काहीतरी त्याला ओढत होतं. हे कळल्यावर आमच्या जिवात जीव आला.

नंतर नेहमीसारखा सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने असतात. आमच्या डिस्कच्या रकान्यावर १०० टक्के लिहिलेलं. त्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. वर कोण? दोन्ही अँटिव्हायरस! एक फाइल दोघंही तपासत होते. एका चुलीवर दोघी सुगरणी, मग भाकरी कधी व्हायची?

सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी असते, ती तारखेप्रमाणे लावता येते. पोरीच्या कागदावरच्या तारखा बघून आम्ही त्या दिवसांत आलेलं सगळं एकेक करून अनइन्स्टॉल केलं. सफाईवाला गेला, त्याच्याबरोबर आलेला अँटिव्हायरस गेला. दुकानदाराच्या अँटिव्हायरसची मुदत संपलेली होती, तोही काढला. विंडोजमध्ये स्वतःचं संरक्षण असतंच, ते चालू आहे ना एवढं बघितलं. मग टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' या भागात जाऊन, सुरू होतानाच जागं होणारं जे नको ते 'डिसेबल' केलं. डिसेबल म्हणजे पुसणं नाही, पुन्हा लावता येतं.

ताईंनी सिस्टिम रिस्टोअर करून बघितलं. त्यानं विंडोज मागच्या एखाद्या चांगल्या तारखेला नेता येतं. गेलेले कागद त्यानं परत येत नाहीत, पण बिघडलेल्या सेटिंग्ज येतात. आमच्या नशिबी तेही नव्हतं. सफाईवाल्यानं त्या जुन्या खुणासुद्धा कचरा म्हणून झाडून टाकलेल्या. मग सीएमडी शोधून, उजवं क्लिक करून, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडून एक आज्ञा दिली: एसएफसी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच स्कॅननाऊ. विंडोज आपल्याच फाइली तपासतं आणि मोडक्या असतील त्या बदलतं. वेळ लागतो, मध्ये बंद करू नका. वीज जायची वेळ टाळून करा. शेवटी प्रिंटरचं सॉफ्टवेअर पुन्हा घातलं आणि प्रिंटर बोलायला लागला.

रजिस्ट्रीचं सांगायचं राहिलं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची आतली नोंदवही. ती साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वापराला खुद्द मायक्रोसॉफ्ट पाठिंबा देत नाही. तिच्यातल्या जुन्या ओळींनी काही अडत नाही. चुकीची ओळ खोडली तर मात्र अडतं.

प्रस्ताव वेळेत गेले. पुढच्या महिन्यात ठराव करून रॅम ८ जीबीची केली आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती कितीतरी चपळ. भाव बदलत असतात, दोन दुकानांत विचारा, आणि डिस्क बदलण्याआधी सगळ्याची प्रत काढा. तेव्हाच पेटी उघडून मऊ ब्रशनं धूळ काढली, वायर भिंतीतून काढून ठेवून बरं का. पंखा धुळीनं भरला की आतला प्रोसेसर तापतो, आणि तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो.

आता आमच्या भिंतीवर लिहिलेले नियम ऐका.

पहिला. पुसण्याआधी प्रत. दर मासिक बैठकीनंतर खतावणीची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक ईमेलवर. पेन ड्राइव्ह गटाच्या पैशांच्या पेटीत, पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी.

दुसरा. बँकेतून पैसे काढायला दोन सह्या लागतात, मग फाइल पुसायला एक बोट कसं चालेल? दोघींनी वाचायचं, मगच पुसायचं.

तिसरा. एका वेळी एकच बदल. करायचा, कॉम्प्युटर बंद करून सुरू करायचा, बघायचं आणि वहीत लिहायचं.

चौथा. पडद्यावर लाल चौकट आली, फोन नंबर आला, तर फोन करायचा नाही. कुणी म्हणालं मी कंपनीतून बोलतो, तुमचा कॉम्प्युटर लांबून दुरुस्त करतो, तर आत घ्यायचं नाही. त्यात पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करायची. जितकी लवकर, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

पाचवा नियम आमच्या आजींनी सांगितला. चूक सांगणारीला कुणी बोलायचं नाही. बोलणी बसतात म्हणून चूक लपते, आणि लपलेली चूकच घर बुडवते.

ती पोर आता दर महिन्याला दुसऱ्या गटांच्या मुलींना टास्क मॅनेजर उघडून दाखवते. आम्हीही मागे बसून बघतो.

चला ताईंनो, आज घरी किंवा ऑफिसात एकच करा. तुमची खतावणी कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बघा. डाउनलोड्समध्ये असेल तर आजच बाहेर काढा, नाव देऊन नीट ठेवा आणि तिची एक प्रत काढा.