आतषबाजी विझली, सूर कामी आले



रियाधमध्ये राहून गावच्या सनई-चौघड्याची आठवण येत नाही, असा मराठी माणूस विरळाच. आज सनईच्या पाश्चात्त्य भावंडाविषयी, ओबोविषयी, दोन शब्द.

१७४९ साली लंडनच्या ग्रीन पार्कातल्या शाही आतषबाजीसाठी हँडेलने संगीत रचले. राजाला तंतुवाद्ये नकोत, रणवाद्येच हवीत! म्हणून २४ ओबो, १२ बॅसून, ९ ट्रम्पेट, ९ हॉर्न आणि नगारे. २७ एप्रिलला आतषबाजीत मंडपच पेटला. संगीत मात्र टिकलं.

महिन्याभराने, २७ मे रोजी, हँडेलने तेच संगीत टाकून दिलेल्या मुलांच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये, तिथलं अपुरं प्रार्थनागृह पुरं व्हावं म्हणून वाजवलं.

राजाचा जल्लोष एका रात्रीत विझला, मंडळी. कामी आलं ते दान. आजच्या आपल्या तिकिटाचंही तेच मोल आहे.